रविवारी खळ्यात बसलेली बाई

जाऊबाई,

तुझ्या दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, "आपली सगुणाबाई शांत, सोशीक आणि मृदू स्वभावाची भगिनी होती." मी पदर तोंडात कोंबला. लोकांना वाटलं, धाकटीला हुंदका आवरत नाही. मागून कोणीतरी पाठीवरून हातसुद्धा फिरवला. खरं सांगू? मला हसू फुटत होतं. पेटीचं झाकण सारून तू उठून बसशील आणि "मृदू कोणाला म्हणता, साहेब?" असं विचारशील, अशी मला धास्ती वाटत होती. तू उठली नाहीस. वीस वर्षांत पहिल्यांदा तू कोणाचं तरी बोलणं उलट उत्तर न देता ऐकून घेतलंस. तेव्हा कुठे मला कळलं, की तू खरंच गेलीस. मग तो हुंदका आला.

आल्या-गेल्याला मी बजावून सांगतेय. आमच्या सगुणाबाईला सोशीक म्हणायचं नाही. सोसणारी माणसं मान खाली घालतात. तुझी मान मी एकदाच खाली पाहिली, आणि ती का गेली तेही मला ठाऊक आहे.

देश स्वतंत्र झाला त्या साली मी या घरात आले. अलिबागच्या मास्तरांची मुलगी, सात इयत्ता शिकलेली, नाताळच्या नाटकात दरवर्षी राणीचं काम करणारी. मासळीचं ज्ञान ताटातल्या तुकडीपुरतं. तिसऱ्या दिवशी तू ओल्या जवळ्याची टोपली माझ्या डोक्यावर ठेवलीस आणि म्हणालीस, "नाटकात मुकुट घालायचीस ना? हा घाल." खारट पाणी मानेवरून पाठीत उतरलं. मी किंचाळले. तू पोट धरून हसलीस. त्या क्षणी मी मनाशी ठरवलं, की हिच्याशी आपलं जन्मभर भांडण. ते मी निष्ठेनं निभावलं आहे, आणि तू गेलीस म्हणून सोडणार नाही.

आपलं गाव खाडीच्या तोंडाशी, पलीकडे रेवदंडा. सगळा कोळीवाडा, त्यात आपली ख्रिस्ती घरं चार. घरं आणि किनारा यांच्यामध्ये मासळी वाळवायची जमीन, म्हणजे खळं. पावसाळा सरला की बायका ते माती-शेणानं सारवतात आणि जो तो आपापल्या तुकड्यावर माल पसरतो. जवळा म्हणजे तांदळाच्या कणीएवढी कोळंबी. होडी लागली की लगेच पसरायची, दोन-तीनदा उलथायची, संध्याकाळी गोळा करायची. थांबलं की कुजली. जागा थोडी आणि माल वाट बघणारा नाही, म्हणून गावानं जुना नियम करून ठेवलेला: होड्या लागल्या आणि एखाद्याचं खळं रिकामं दिसलं, तर दुसऱ्यानं तिथं खुशाल माल पसरावा. एका हंगामात असं तीनदा झालं, की खळं त्याचं.

नियमात वाईट काही नव्हतं. तू रविवार घेऊन त्याच्या आड उभी राहीपर्यंत.

मी आले त्याच हंगामात थोरल्या भावोजींना, तुझ्या माणसाला, ताप आला तो पंधरा दिवस उतरला नाही. त्या रविवारी जवळा इतका लागला की होड्या वाकल्या होत्या. भावोजीच तुला म्हणाले, "जा, माल कुजंल." तू गेलीस. दुपारी त्यांनी तुला हाक मारली, एकदाच. मी धावत खळ्यात आले. तू कोपरापर्यंत जवळ्यात होतीस. आपण घरी पोचलो तेव्हा हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. तेव्हा तुझी मान खाली गेलेली मी पाहिली. पुढे आठवडाभर तू चिंच लावून हात घासत होतीस. वास गेला होता, तरी घासत होतीस.

पुढच्या शनिवारी चुलीपाशी बसून तू मला सांगितलंस, "रविवारी मी काम करणार न्हाय."

मी म्हटलं, "अगं, भावोजी गेले ते तापानं. तू काम केलंस म्हणून प्रभू रागावला असं का वाटतं तुला?"

"प्रभू न्हाय रागावला. मी रागावलीय."

"मग शिक्षा खळ्याला का?"

"शिक्षा न्हाय, सुमते. तो दिवस प्रभूचा होता आणि माझ्या माणसाचा होता. मी तो जवळ्याला दिला. आता कोनालाच देनार न्हाय."

मी उठून चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

पहिल्या रविवारी आपलं खळं रिकामं राहिलं. शेजारच्या हिराबायनं त्यावर जवळा पसरला. दुसऱ्या रविवारी पुन्हा. हिराबाय काही दुष्ट नव्हती. तिच्या घरी दोन होड्या, खाणारी तोंडं उदंड आणि खळं आपल्याएवढंच. तिनं चोरून काही केलं नाही; शनिवारी येऊन तोंडावर सांगून गेली, "सगुणे, उद्याचा तिसरा गो. मागनं बोलू नको, सांगितला न्हाय म्हणून." विधवेचं ते खळं गेलं असतं तर तुला दुसऱ्याच्या खळ्यात मजुरीनं वाकावं लागलं असतं. मी तुझ्या पाया पडले. "फक्त एक रविवार. मी पसरते, तू घरात बस." तू म्हणालीस, "माज्या खळ्यात रविवारी कोनाचाच हात लागनार न्हाय. तुजापन."

तिसरा रविवार उजाडला. तू भावोजींनी आणलेलं पांढरं लुगडं नेसलीस, हातात गीतांचं पुस्तक, काखेत पाट. मला म्हणालीस, "तांब्या घे." मला वाटलं उपासनेला निघालीस. होतीसच. खळ्याच्या मधोमध पाट टाकलास आणि बसलीस. मी छत्री उघडली तर ती तू मिटवलीस. "छत्री कशाला? आपन काय बाजारात बसलोय?"

होड्या लागल्या. हिराबाय डोक्यावर टोपली घेऊन आली ती तुला बघून जागच्या जागी थांबली.

"अगो सगुणे, हे काय? उठ. मना पसरायचाय."

"पसर की. रिकामं असंल तिथं पसर."

"तू उठलीस की रिकामाच हाय."

"मी उठत न्हाय."

तिनं पाटलाला बोलावलं. पाटलामागे अर्धा गाव आला. माझ्या आयुष्यात एवढा प्रेक्षकवर्ग कधी जमला नव्हता, आणि त्या दिवशी मला काम काय, तर तांब्या धरायचं! पाटील कमरेवर हात ठेवून म्हणाले, "सगुणाबाई, खळ्यात माल नसला म्हंजे खळं रिकामं. बाईमानूस म्हंजे काय जवळा हाय?"

तू मान वर करून सूर्याकडे बघितलंस, कपाळावरचा घाम पुसलास आणि म्हणालीस, "उन्हात वाळतंय ते खळ्यात. मी वाळतीय न्हाय का?"

पहिली हसली ती हिराबाय. इतकी हसली की टोपलीतला जवळा तिच्याच खांद्यावर सांडला. मग सगळा गाव हसला, आणि हसलेल्या गावापुढे पाटलाचं काही चाललं नाही. हिराबाय टोपली घेऊन वळली. जाताना म्हणाली, "वाळ तर वाळ. सांजच्याला उलथायला येते तुला."

त्या हंगामात तू प्रत्येक रविवारी वाळलीस, आणि पुढच्याही सगळ्या. लोकांना वाटलं होतं, चैत्राचं ऊन लागलं की उठेल. तू चैत्र बसून काढलास, वैशाखही काढलास. गाणी म्हणायचीस, तीही कशी! सूर रेवदंड्याला, ताल चौलला. पोरं कुत्र्यासारखी ओरडून साथ करायची. तू डोळे न उघडता पुढचं कडवं घ्यायचीस. प्रार्थनाही मी जवळून ऐकलेल्या आहेत. विनवणीचा शब्द नाही, नुसता हुकूम. "प्रभू, बघतोयस ना? मग बघत राहा. हलू नको."

पाळकसाहेब महिन्यातून एकदा अलिबागहून यायचे. त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी तुला समोर बसवून समजावलं, "सगुणाबाई, मालमत्तेची राखण करणं हेसुद्धा कामच. मग विसाव्याच्या दिवसाची आज्ञा कुठे पाळली गेली?"

"राखत न्हाय, साहेब. बसलीय."

"पण कशासाठी?"

"विसाव्यासाठी."

"मग घरात विसावा घ्या ना!"

"घरातला कोनीपन घेऊ देतंय, साहेब. खळ्यातला घेऊ देत न्हाईत. म्हनून तिथंच घेतला पायजे."

साहेबांनी चष्मा पुसला. मी त्यांच्या बाजूनं होते, आजही आहे. मी तुला शंभरदा सांगितलं, की बाई, तू बसून जे करतेस ते मी उभ्यानं करते त्यापेक्षा कष्टाचं आहे. मासळी कुजू देणं हा कुठला धर्म? अन्न वाचवलं तर तो रागावेल इतका तो कोत्या मनाचा आहे का? तू म्हणायचीस, "तो कोता न्हाय. मी कोती हाय. एक दिवस सोडला तर मी साती दिवस सोडीन." हे भांडण आपण कणीक मळताना केलं, बोंबील टांगताना केलं, एसटीत केलं. एकदा तर नाताळच्या आदल्या दिवशी करंज्या तळताना असं पेटलं की घाणा जळला आणि आमचे हे, तुझे धाकटे दीर, उठून होडीवर जाऊन बसले. निकाल लागला नाही.

एका वर्षी तुझी अर्धशिशी फार बळावली होती. तरी रविवारी गेलीस. मी पेज घेऊन आले तर तू कपाळाला पदर घट्ट बांधून बसली होतीस, ओठ पांढरे पडलेले. मी मस्करीनंच विचारलं, कारण घाबरले की मला मस्करीच सुचते. "काय गं, एवढी बसतेस, तर दिसतो का कधी?"

"न्हाय," तू म्हणालीस. "कंदीच न्हाय. पन उठावंसं वाटतं तवा मी उठत न्हाय. मग बसवतंय कोन मला?"

मास्तरांच्या घरात माझं बालपण गेलं. उपदेश, वचनं, प्रार्थना सगळं पाठ. पण तोपर्यंत ते माझ्यासाठी नाटकातल्या संवादांसारखंच होतं. आवाज चढवून म्हणायचं आणि टाळ्या घ्यायच्या. माझा विश्वास उपासनेत आला नाही, जाऊबाई. तुझ्या मुंग्या आलेल्या पायांकडे बघत, पेजेचा वाडगा हातात धरून उभी असताना आला. हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडण तू जिंकलीस असं झालं असतं.

आता दुसरी न सांगितलेली गोष्ट. ही ऐकून तू वर तणतणशील, पण ऐक.

एका वर्षी तू प्रभुभोजनासाठी अलिबागला गेलीस, त्या रविवारी खळ्यात आपला शनिवारचा जवळा होता. उशिरा लागलेला, म्हणून अर्धाच वाळलेला. खळं भरलेलं, म्हणून तू निश्चिंत गेलीस. मला बजावून गेलीस, "हात लावू नको." दोन वाजता डोंगराकडून आभाळ आलं. अवकाळी. तुझी आज्ञा एकीकडे आणि शनिवारचा सगळा जवळा एकीकडे. मी उंबऱ्यात उभी राहून, राणीचं काम करणारी मी, हातवारे करत प्रभूला म्हणत होते, "आता तूच सांग!" त्यानं काही सांगितलं नाही. सांगितलं हिराबायनं. "अगो मास्तरीण, नाटक मागनं कर! शीड धर!"

तिनं आपल्या होडीचं जुनं शीड ओढत आणलं होतं. आम्ही दोघींनी तुझा जवळा लोटून ढीग केला, वर शीड टाकलं, कडांवर दगड ठेवले. तेवढ्यात सर आली. हिराबायच्या स्वतःच्या खळ्यातला दोन टोपल्या माल पाण्यात गेला. ती भिजत उभी राहून हसत होती. म्हणाली, "सांगू नको तिला. तिचा देव रुसंल."

तू संध्याकाळी आलीस. गावभर चिखल आणि आपला जवळा कोरडा. मी म्हटलं, "मला काय माहीत? मी झोपले होते." पुढच्या महिन्यात तू उपासनेत उभं राहून साक्ष दिलीस: "त्या दिवशी प्रभूनं सोता येऊन माझं खळं झाकलं." हिराबाय खिडकीबाहेर उभी राहून ऐकत होती. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही, नाहीतर उपासना तिथंच संपली असती. जाऊबाई, प्रभू त्या दिवशी नऊवारी नेसून, दातांना मशेरी लावून आला होता, आणि शिव्याही देत होता.

पण मला एक विचारायचं आहे. ते शीड गडबडीत आपल्या पडवीत राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी उठले तर पडवीत नव्हतं. हिराबायच्या ओट्यावर होतं, धुतलेलं, घडी घातलेलं, वर सुक्या जवळ्यानं भरलेल्या दोन टोपल्या. म्हणजे तुला ठाऊक होतं. ठाऊक असूनही महिनाभरानं तू ती साक्ष दिलीस, तीही खिडकीकडे तोंड करून! मी जाब विचारला असता तर तू काय म्हणाली असतीस, तेही मला माहीत आहे. "मग हिराला पाठवलं कोनी?" नाही, जाऊबाई. हिराबाय आपल्या पायांनी आली. तिचं श्रेय तिला द्यायचं. यावर मी हटणार नाही.

तू बुधवारी गेलीस. शनिवारी पाटील सांत्वनाला आले. आता म्हातारे झालेत, पण मुलानं इंजिनाची होडी घेतलीय आणि तिचा माल मावायला जागा नाही. बराच वेळ तुझं चांगलं बोलले. मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "सुमतीवैनी, आमच्यात सुतक असतं. सुतकात खळं मोजत न्हाईत. पन तुमच्यात सुतक न्हाय ना?"

"नाही."

"मग कसं करायचं? या हंगामात सगुणाबाई आजारी होती, दोन रविवार माज्या पोरानं पसरलं. उद्याचा..."

"तिसरा," मी म्हटलं. "गणित येतं मला, पाटील. मास्तरांची मुलगी आहे."

मला काहीच अवघड नव्हतं. माझं मत ठरलेलं. रविवारी माल पसरायला हरकत नाही, हे मी वीस वर्षं सांगत आले. सकाळी आमच्या ह्यांच्या वाट्याचा जवळा टोपलीत घेतला आणि तुझ्या खळ्यावर गेले. पसरला की झालं. खळं राहिलं, आणि आपल्या भांडणाचा निकालही माझ्या बाजूनं लागला; उलट बोलायला तू नाहीस. मी टोपली उतरवली. कलती केली. आणि ओतवेना. मी स्वतःला बरंच काही बोलले. मासळी कुजेल, हट्टी बाई गेली, आता तरी शहाणी हो. टोपली तशीच कलती धरून उभी. मागून हिराबाय आली. काठी टेकत, वाकलेली.

"काय गो, पुतळा झालीस?"

"हिराबाय, ओतवत नाही."

तिनं सुनेला हाक मारली. माझ्या हातातून टोपली काढून घेतली आणि म्हणाली, "हिचा माल आपल्या खळ्यात पसर. आपला देव आज कामावर हाय." मग मला काठीनं ढोसलं. "तू बस. ती बसायची तशी बस."

मी बसले. पाट नाही, पांढरं लुगडं नाही, गीतांचं पुस्तकही नाही. पाटलांचा मुलगा टोपल्या घेऊन आला, मागोमाग पाटील. त्यांनी मला बघितलं आणि कपाळाला हात लावला. "सुमतीवैनी, तुमी बी? किती रविवार बसनार?"

"तिचे वीस वर्षांचे झाले. माझा पहिला आहे. तुम्हीही बसा, पाटील, मोजायला."

त्यांनी मुलाला परत पाठवलं. स्वतः टोपी काढून मागोमाग गेले. ती मला बघून काढली नाही, एवढं मला कळतं.

आणि मग खरा रविवार सुरू झाला. दहा वाजता डोकं तापलं, अकराला पाय बधिर, बाराला कंबर गेली. दोन वाजता मी रडले, तुझ्यासाठी आणि थोडी कमरेसाठी. तीनला उठून घरी पळावं असं इतकं वाटलं, की मी दोन्ही हातांनी जमीन धरून बसले. प्रार्थना केली ती तुझ्यासारखीच, हुकुमाची. उठले नाही. बसवलं कोणी, हा प्रश्न मी विचारणार नाही; तुला तेवढं सुख देणार नाही.

पण एक निकाल मात्र लागला, जाऊबाई, आणि तो तुला ऐकावाच लागेल. मी सूर्य बुडेपर्यंत बसले आणि माझी खात्री पटली. हा विसावा नव्हे. जन्मभर टोपल्या वाहिल्या, जवळा उलथला, बोंबील टांगले, पण एवढं काम मी कधी केलं नव्हतं. म्हणजे पाळकसाहेब खरे, मी खरी. वीस वर्षं प्रत्येक रविवारी, गीतांचं पुस्तक हातात घेऊन, सगळ्या गावादेखत, तू आज्ञा मोडत होतीस. जा, सांग त्याला तिथं. तो काय शिक्षा देईल ती घे. आणि त्याला हेही सांग, की पुढच्या रविवारी मीही मोडणार आहे.